जेईईचे गुण दाखवावेत काय?

प्रश्न : मुलीस एमएचटी-सीईटीत समाधानकारक गुण आहेत, जेईई मेनमध्ये मात्र फारच कमी. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशअर्जात तेही नोंदविल्यास नुकसान होईल काय?
— एक पालक, राजूर (ता. वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : चुनाभट्ट्यांच्या व कोळशाच्या गावातून आलेली ही शंका रास्त आहे; परंतु ज्या प्रक्रियेत राज्याच्या जागांकरिता सीईटीची आणि खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागांकरिता प्रामुख्याने जेईईची, अशा दोन स्वतंत्र गुणवत्ता याद्या सिद्ध होतात, तेथे एका यादीतील दारिद्र्य दुसरीतील वैभवास बाधक ठरत नाही. सबब जेईईचा तपशील बेलाशक भरावा. मात्र अर्ज क्रमांक, नाव व जन्मतारीख गुणपत्रकाबरहुकूम असल्याची खातरजमा करूनच अर्ज कायम करावा. नागपूरच्या व्हीएनआयटीचा प्रवेश जोसा या केंद्रीय जागावाटपाच्या निराळ्या प्रक्रियेतून, केवळ जेईईवर होतो. तेथील निम्म्या जागा महाराष्ट्राकरिता असतात हे खरे, तथापि इतक्या अल्प गुणांवर त्या आशेत दिवस दवडणे मला व्यवहार्य वाटत नाही. त्याऐवजी राज्याच्या प्रक्रियेत अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पसंतीक्रम विचारपूर्वक लावावा. आणि नॉन-क्रीमीलेयर दाखला लागू असेल, तर वणीच्या सेतू केंद्रात आजच अर्ज द्यावा.