रमजानच्या दस्तरखानासाठी आतापासून परसबाग

मदिनेत एक वयस्कर बाई होत्या. पाण्याच्या पाटाच्या कडेला बीटच्या कुळातली, पालकासारखी एक भाजी लावलेली असे. ती मुळासकट उपटून, त्यात मूठभर जव घालून त्या शिजवत आणि जुम्म्याच्या नमाजनंतर सलाम करायला येणाऱ्यांना वाढत. त्यात ना चरबी असे ना तूप. तरी त्या जेवणासाठी सगळ्यांना शुक्रवारची ओढ लागे. सहल इब्न साद यांनी सांगितलेली ही हकीकत ‘सहीह बुखारी’त आहे.

घरच्या भाजीपाल्याचे सगळे गणित या हकिकतीत आले: थोडी जागा, सहज मिळणारे पाणी आणि ठरल्या दिवशी दुसऱ्याच्या ताटात पडणारे पीक. जागा आणि पाणी बहुतेक घरांत निघते. चुकतो तो दिवस. रमजानचा चाँद दिसल्यावर कोथिंबीर पेरली, तर ती ईद उलटल्यावर काढणीला येते. म्हणून हे काम ऑक्टोबरमध्ये सुरू करावे.

तारखेवरून मागे मोजा

हिजरी वर्ष चंद्राचे असल्याने रमजान दरवर्षी साधारण ११ दिवसांनी अलीकडे सरकतो. भाजी मात्र ऊन आणि थंडी पाहूनच वाढते. २०२७ मध्ये रमजान ८-९ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल आणि ईद १० मार्चच्या आसपास येईल. चंद्रदर्शनानुसार एखादा दिवस मागेपुढे. म्हणजे पहिला रोजा हिवाळ्याच्या शेवटी आणि ईद उन्हाच्या तोंडाशी. पालेभाज्यांना ही वेळ चांगली आहे, वेलभाज्यांना थोडी सांभाळून घ्यावी लागेल. त्यासाठी पेरणीचे वेळापत्रक असे ठेवावे:

- मिरची: रोपाला ३५ ते ४० दिवस, लागवडीनंतर पहिल्या तोड्याला ६० ते ७० दिवस. बी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टाकावे. ‘फुले ज्योती’ किंवा ‘पुसा ज्वाला’ घरासाठी चांगल्या. पाच-सहा झाडे पुरतात.
- टोमॅटो: रोप २५ ते ३० दिवसांत तयार होते. बी ऑक्टोबरच्या अखेरीस टाकावे. ‘धनश्री’ किंवा ‘भाग्यश्री’ हे राहुरी विद्यापीठाचे वाण घ्यावेत.
- पुदिना: बी शोधत बसू नये. बाजारातल्या जुडीतल्या मुळ्या फुटलेल्या काड्या नोव्हेंबरमध्ये लावाव्यात. तो पसरतो, म्हणून वेगळ्या कुंडीत किंवा टबात ठेवावा.
- पालक आणि कांद्याची पात: डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पातीसाठी घरातले कोंब आलेले छोटे कांदे चालतात.
- कोथिंबीर: २५ डिसेंबरपासून दर १० ते १२ दिवसांनी एक वाफा, असे तीन वाफे. म्हणजे महिनाभर कोवळी जुडी मिळते.
- मेथी: जानेवारीचा पहिला आठवडा, ३० ते ३५ दिवसांत तयार.
- काकडी: कोकणात डिसेंबरच्या मध्यावर, घाटावर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात.
- दुधी भोपळा: जानेवारीचा पहिला आठवडा. ५५ ते ६५ दिवसांत, म्हणजे ईदच्या सुमारास, पहिले फळ.

मराठवाडा-खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत काकडी आणि दुधीचे बी लवकर उगवत नाही. ते रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधावे आणि स्वयंपाकघरात उबेला ठेवावे. मोड दिसला की पिशवीत लावून रोप करावे. हे वेळापत्रक पुढच्या वर्षी जसेच्या तसे वापरता येणार नाही. सगळ्या तारखा ११ दिवस अलीकडे घ्याव्या लागतील. २०३० साली तर जानेवारी आणि डिसेंबर असा दोनदा रमजान सुरू होईल.

जागा आणि माती

दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन येईल अशी जागा निवडावी. वाफा तीन फुटांपेक्षा रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचला पाहिजे. भारी काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून तिथे गादीवाफे करून वाळू आणि कुजलेले खत मिसळावे. कोकणातल्या जांभ्या मातीत पाणी थांबत नाही. तिथे खताबरोबर पालापाचोळा भरपूर घालावा. गच्चीवर असाल तर माती, कुजलेले खत आणि कोकोपीट समप्रमाणात घ्यावे. पालेभाजीला सहा ते आठ इंच खोलीचा ट्रे चालतो, टोमॅटो-मिरचीला निदान बारा इंच खोल कुंडी हवी.

शेणखत दर चौरस मीटरला दोन ते अडीच किलो द्यावे, पण पूर्ण कुजलेलेच. कच्च्या शेणाने हुमणी आणि तण येते, शिवाय पालेभाजीला लागलेले कच्चे शेण धुऊनही नीट निघत नाही. हनफी आणि शाफई दोन्ही फिकहांत शेण नापाक मानले जाते, तरी शेतीत त्याचा वापर मान्य आहे. पाकीचा आग्रह आणि शेतीशास्त्र इथे एकच सल्ला देतात: खत कुजवा, भाजी धुवा आणि बागकामाचे कपडे नमाजच्या कपड्यांपासून वेगळे ठेवा. बाराव्या शतकात सेव्हिलमध्ये इब्न अल-अव्वामने ‘किताब अल-फिलाहा’ लिहिली, त्यातही खतांचा विचार तपशिलाने केलेला आहे.

ज्यांच्या दारात बकरे आहेत त्यांच्याकडे लेंडीखत आयतेच आहे. लेंडी कडक असते, आपोआप लवकर फुटत नाही. ती कुटून, ओली करून, पाल्याचे थर देत खड्ड्यात दोन-तीन महिने कुजवावी. इफ्तारच्या कलिंगड-पपईच्या सालीही याच खड्ड्यात जाव्यात. हाडे आणि मांस घालू नये, मांजरे-उंदीर लागतात. खजुराच्या बिया वेगळ्या काढाव्यात, त्या कुजायला फार वेळ घेतात.

वजूचे पाणी

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वजू करत, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एक मुद्द म्हणजे आजच्या मापाने पाऊण ते एक लिटर. नळ सोडून वजू केला तर याच्या कितीतरी पट पाणी जाते. तोटीच्या लोट्याने सावकाश केला तर दीड लिटरमध्ये भागते. पाच माणसांच्या घरात पाच वेळचा हिशेब केला, काहींचा वजू पुढच्या नमाजपर्यंत टिकतो हे धरले, तरी दिवसाला ३० लिटरच्या आसपास पाणी साठते. हिवाळ्यात भाजीपाल्याला दर चौरस मीटरला रोज तीन ते चार लिटर लागते. म्हणजे एवढ्यावर ८ ते १० चौरस मीटरची, साधारण शंभर चौरस फुटांची बाग जगते.

वापरलेले पाणी पुन्हा वजूला चालत नाही, पण ते नापाक होत नाही आणि झाडाला अगदी योग्य असते. तीन पथ्ये पाळावीत. साबण आणि टूथपेस्टचे पाणी त्यात मिसळू देऊ नये. चुळीचे पाणी त्यात असल्याने ते मुळाशी द्यावे. कोथिंबीर, पुदिना अशा कच्च्या खाण्याच्या पाल्यावर शिंपडू नये. आणि साठवलेले पाणी त्याच दिवशी संपवावे, नाहीतर वास येतो आणि डास होतात. ज्या मशिदीच्या किंवा मदरशाच्या वजूखान्याचे पाणी गटारात जाते, तिथे एक वेगळी नळी टाकून तेच पाणी आवारातल्या वाफ्यांकडे वळवता येईल. मदरशाच्या मटबखला (स्वयंपाकघराला) लागणारी पालेभाजी त्यावर सहज निघेल.

पाणी फजरनंतर द्यावे. दिवसा पाने कोरडी होतात आणि बुरशीचे रोग कमी येतात. मगरिबनंतर पाने ओली करू नयेत. रोपांची लागवड असरनंतर करावी, म्हणजे रात्रभरात रोप सावरते. रमजान सुरू होण्याआधी वाफ्यांवर उसाचे पाचट, सोयाबीनचा भुसा किंवा भाताचा पेंढा दोन इंच पसरावा. रोज्यात पाण्याच्या खेपा कमी होतात आणि फेब्रुवारीच्या उन्हात ओल टिकते.

पेरताना

धणे आख्खे पेरू नयेत. चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवून सकाळी पेरावेत. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात; अधीर होऊन वाफा उकरू नये. मिरची-टोमॅटोच्या बियांना किलोला पाच ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा चोळावे. घरी चिमूटभर बी असते, तेव्हा चिमटीतली भुकटीही पुरते. रोपे जमिनीलगत काळी पडून कोलमडू लागली तर पाणी जास्त होत आहे असे समजावे.

पेरताना बिस्मिल्लाह म्हणावे आणि नियत करावी की हे घरासाठी आहे आणि घराबाहेरच्यांसाठीही. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे किंवा पिकाचे जे माणसाने, जनावराने, पाखराने खाल्ले तो त्याच्यासाठी सदका ठरतो, हे अनस इब्न मालिक यांनी सांगितलेले वचन बहुतेकांना पाठ असते. ‘सहीह मुस्लिम’मधल्या दुसऱ्या एका रिवायतीत चोरीला गेलेलाही सदक्यात धरला आहे. कुंपणावरून हात घालून मिरच्या तोडून नेणाऱ्या पोरांवर ओरडण्याआधी हे आठवावे.

कीड दिसली तर

कोथिंबीर आणि मिरचीवर मावा येतो. मिरचीची पाने फुलकिडे आणि कोळ्यांनी आकसतात, त्याला बोकड्या म्हणतात. प्रत्येक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, असरनंतर फवारावे. उन्हात निंबोळीचा गुण लवकर जातो. पिवळे आणि निळे चिकट सापळे टांगावेत. फार आकसलेले झाड उपटून बागेपासून लांब पुरावे.

वाफ्यात मुंग्यांची रांग दिसली की काही जण वारूळ पेटवतात. जिवांना आगीने मारायला हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे आणि शेतीच्या दृष्टीनेही त्याचा उपयोग नाही. मुंग्या बहुधा माव्याच्या गोड चिकट द्रवासाठी आलेल्या असतात. मावा हटला की रांगही मोडते.

दुधीची फुले रात्री पाहा

दुधी हजरत मुहम्मद (स.) यांना आवडे. एका शिंप्याने जेवायला बोलावले तेव्हा ते ताटात दुधीच्या फोडी शोधून घेत होते, हे अनस यांनी पाहिले आणि तेव्हापासून त्यांनाही तो आवडू लागला. अनेक घरांत म्हणून पहिला मान दुधीच्या वेलाला मिळतो, आणि तक्रारही त्याचीच असते: फुले येतात, फळ धरत नाही.

कारण सोपे आहे. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांचे परागीभवन मुख्यतः रात्री उडणारे पतंग करतात. शहरातल्या गच्चीवर ते फारसे येत नाहीत. मगरिबनंतर विजेरी घेऊन वेलाजवळ जावे. लांब, बारीक दांड्यावर नुसते फूल असेल तर ते नर. फुलाखाली अंगठ्याएवढा लवदार हिरवा दुधी असेल तर ती मादी. नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवाव्यात आणि मधल्या परागांनी मादी फुलाच्या आतला भाग हलकेच दोन-तीन वेळा पुसावा. काम जमले तर चार-पाच दिवसांत तो छोटा दुधी फुगून खाली वळतो. नाही जमले तर पिवळा पडून गळतो. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा एक सापळा लावावा आणि वाढत्या फळाला कागदी पिशवी बांधावी.

काढणी आणि वाटा

पालक जमिनीपासून दोन इंच ठेवून कापावा. १५ ते २० दिवसांनी पुन्हा येतो. पुदिन्याचे शेंडे खुडत राहावेत. कोथिंबीर सहरीनंतर, दव असताना काढली तर इफ्तारपर्यंत ताजी राहते.

सूरह कलममध्ये बागवाल्या भावांची गोष्ट आहे. गरिबांना कळू न देता भल्या पहाटे फळे उतरवून घ्यायचा बेत त्यांनी केला आणि पोहोचले तेव्हा बाग उद्ध्वस्त झालेली होती. सूरह अनआमच्या १४१व्या आयतीत काढणीच्या दिवशीच पिकातला हक्क द्यायला सांगितले आहे आणि लगेच उधळपट्टीला मनाईही केली आहे. उश्रचा, म्हणजे पिकाच्या जकातीचा, नियम पावसाच्या पिकाला दहावा आणि पाणी देऊन पिकवलेल्याला विसावा हिस्सा असा आहे. घराच्या आवारातल्या भाजीवर हनफी मतानुसार तो लागत नाही, आणि कोकणात ज्याचे चलन आहे त्या शाफई मतात भाजीपाल्यावर जकात नाही. शेतात विक्रीसाठी भाजी करणाऱ्यांनी मात्र आपल्या आलिमांकडून हिशेब समजून घ्यावा. घरच्या बागेत हिस्सा आपणच ठरवायचा असतो, आणि तो पेरतानाच ठरवलेला बरा. कोथिंबिरीच्या तीन वाफ्यांपैकी एक शेजाऱ्यांचा, असे आधीच सांगून टाकले की काढणीच्या दिवशी मन मागे सरत नाही. शेजारी रोजा ठेवत नसला तरी त्याच्या स्वयंपाकघरात कोथिंबीर लागतेच.

ईदनंतर

मार्चमध्ये कोथिंबीर फुलावर येईल. दोन-चार झाडे मधमाश्यांसाठी आणि धण्यासाठी ठेवून बाकी वाफा भेंडी, गवारीला द्यावा. पुदिन्याचा टब अर्ध्या सावलीत हलवावा. दुधीचा वाण सुधारित असेल, ‘सम्राट’सारखा, तर एक चांगले फळ वेलावरच वाळू द्यावे. संकरित वाणाचे बी धरू नये, पुढे तशी फळे येत नाहीत. वाळलेल्या एका दुधीत शंभराहून जास्त बिया निघतात आणि घराला चार-पाच पुरतात. उरलेल्यांच्या पुड्या करून जूनच्या पेरणीआधी नातलगांत, शेजारात, मदरशात वाटाव्यात. पुडीवर वाणाचे नाव आणि पेरणीचा महिना लिहावा. नाव नसलेले बी सहसा डब्यातच राहते.