लढाऊ नौकेच्या नमुन्याचे लाकडी धड

लखनौपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. असे असूनही या शहराचे नौकांशी असलेले नाते जुने आहे. अवधचा नवाब गाजीउद्दीन हैदर याच्यासाठी १८१९ च्या सुमारास गोमती नदीवर आठ अश्वशक्तीच्या यंत्राची एक आगबोट तरंगू लागली. भारतातील अगदी पहिल्या आगबोटींत तिची गणना होते. पुढे याच नदीचे नाव एका युद्धनौकेला मिळाले. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘आय. एन. एस. गोमती’ ही फ्रिगेट १६ एप्रिल १९८८ रोजी नौदलात दाखल झाली आणि २८ मे २०२२ रोजी मुंबईतच सेवामुक्त झाली. तिच्यावरील काही युद्धसामग्री लखनौस गोमतीकाठच्या खुल्या संग्रहालयात मांडली जाईल, असे त्या वेळी जाहीर झाले.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेतील मुलामुलींना इतर विषयांबरोबर नौकांचे नमुने बनविण्यासही शिकवितात, आणि अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात त्याची स्पर्धा असते. लखनौसारख्या शहरातील विद्यार्थ्याला युद्धनौकेचे पहिले दर्शन बहुधा अशा लाकडी रूपातच घडते. या स्पर्धेत एक नमुना दुसऱ्यावर गोळ्या झाडीत नाही. तेथे कारागिरीला महत्त्व असते. मात्र जगात नमुन्यांचा आणखी एक प्रकार आहे, आणि धडाच्या बांधणीचा खरा कस लागतो तो त्यातच.

हा प्रकार १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील टेक्सास राज्यात रूढ झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील युद्धनौकांचे दूरनियंत्रित नमुने तळ्यात सोडावयाचे आणि कर्बवायूच्या दाबाने सुटणाऱ्या, सुमारे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी छर्‍यांनी एकमेकांची धडे फोडावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. भोकांतून पाणी शिरते आणि नौका खरोखरीच बुडते. प्रचलित नियमांपैकी एका संचानुसार जलरेषेच्या वर पडलेल्या भोकास १० गुण, जलरेषेवरील भोकास २५ आणि तिच्याखालील भोकास ५० गुण मिळतात. छर्रे खरे असल्यामुळे काठावरील प्रत्येकाने डोळ्यांना संरक्षक चष्मा लावलाच पाहिजे. त्यास अपवाद नाही. तोफांची रचना हा निराळा विषय आहे. येथे विचार करावयाचा तो धडाचा, म्हणजे वरची बांधणी वगळून उरणाऱ्या, पाण्यावर सारा भार तोलणाऱ्या अंगाचा.

या धडाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. यंत्रे, विद्युत्घट आणि वायूची कुपी यांचा भार पेलण्याइतके, शिवाय टकरा सोसण्याइतके ते मजबूत हवे. त्याच वेळी ठरावीक जागी ते इतके दुबळे हवे, की समोरच्याचा छर्रा आरपार जावा. ज्याला केवळ अभेद्य नौका बांधावयाची आहे, त्याचे काम सोपे आहे. न्याय्य रीतीने बुडू शकणारी नौका बांधणे त्याहून पुष्कळ अवघड आहे.

कोणती नौका निवडावी, हा पहिला प्रश्न. लखनौच्या विद्यार्थ्याच्या मनात साहजिकच ‘गोमती’ येईल. परंतु करवत हाती घेण्यापूर्वी थोडे गणित करावे. या खेळात नमुना मूळ नौकेच्या १:१४४ या प्रमाणात असतो. ‘गोमती’ची लांबी १२६.४ मीटर, तेव्हा नमुना सुमारे ८८ सेंटिमीटर लांब होईल. येथवर सारे ठीक वाटते. वजनाचा हिशेब मात्र वेगळा आहे. लांबी, रुंदी आणि खोली ही तिन्ही १४४ पटींनी घटतात, म्हणून वजन १४४ च्या घनाने, म्हणजे सुमारे तीस लाख पटींनी घटते. पूर्ण भारित ‘गोमती’ साधारण ३,८५० टनांची. तिचा नमुना १,३०० ग्रॅमच्याही आतच राहिला पाहिजे. एवढ्या वजनात धड, मोटर, घट, पंप आणि तोफा बसविणे जवळजवळ अशक्य आहे. नमुना याहून जड झाला, तर जलरेषा वर चढते आणि नौका लढाईआधीच अर्धी बुडालेली असते. शिवाय ‘गोमती’ क्षेपणास्त्रांच्या काळातील. खेळाने ठरविलेल्या कालखंडातही ती बसत नाही.

त्यापेक्षा ‘आय. एन. एस. दिल्ली’ ही जुनी क्रूझर सोयीची. मूळची ही ‘अकिलीस’. १३ डिसेंबर १९३९ रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मनांच्या ‘ग्राफ श्पे’ या युद्धनौकेशी ती लढली. ५ जुलै १९४८ रोजी ती भारताकडे आली, डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत तिने भाग घेतला आणि १९७८ मध्ये ती निवृत्त झाली. रिव्हर प्लेटला शत्रूचा एक गोळा तिच्या अंगावर न पडता जवळच पाण्यात फुटला; त्याच्या कपच्या वरच्या बांधणीच्या पातळ पत्र्यातून आत शिरल्या आणि चौघे मृत्युमुखी पडले. पातळ कवच म्हणजे काय, हे या नौकेने प्रत्यक्ष अनुभवले होते.

निवडीसंबंधी आणखी एक गोष्ट, जी नियमांत लिहिलेली नसते. त्याच दीवच्या समुद्रात ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘आय. एन. एस. खुकरी’ बुडाली आणि तिच्याबरोबर १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला हे उत्तर प्रदेशातले, जन्माने गोरखपूरचे. दीवच्या स्मारकात या नौकेचा नमुना काचेच्या घरात ठेवलेला आहे. त्या नौकेचा नमुना तेथेच शोभतो. तळ्यात बुडविण्याच्या खेळासाठी ती निवडू नये.

‘दिल्ली’ची लांबी सुमारे १६९ मीटर आणि रुंदी १७ मीटर. नमुना ११७ सेंटिमीटर लांब व जेमतेम १२ सेंटिमीटर रुंद होतो. पूर्ण भारित वजन जवळजवळ ९,९०० मेट्रिक टन; त्यावरून नमुन्याचे वजन ३.३ किलोग्रॅम येते. फार नाही, पण पुरते. यांपैकी धडाने एक किलोपेक्षा अधिक वाटा मागू नये.

शोभेच्या नमुन्यांसाठी वापरली जाणारी थरांची पद्धत येथे निरुपयोगी ठरते. तीत फळ्यांचे थर एकावर एक चिकटवून, आतून कोरून व बाहेरून तासून धड घडवितात. ते सुबक दिसते, पण त्याच्या भिंती भरीव असतात. लढाऊ धड जुन्या गलबतांप्रमाणे कणा आणि बरगड्या यांचेच करावे लागते. नौकेच्या रेषाचित्रावरून दर पाच-सहा सेंटिमीटरवरील आडवे छेद घ्यावे आणि ते सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडवर उतरवावे. नमुन्याचे लाकूड पुनःपुन्हा भिजणार असल्यामुळे साधे प्लायवुड चालणार नाही, आय. एस. ७१० या भारतीय मानकाचे, जहाजांसाठी असलेले प्लायवुड घ्यावे. छेद उतरविताना बाहेरील कवचाची जाडी वजा करण्यास नवशिके हटकून विसरतात. कापलेल्या बरगड्या सपाट फळीवर उलट्या, म्हणजे डेकची बाजू खाली ठेवून उभ्या कराव्या, आणि त्यांच्या खाचांत कणा बसवावा. डिंक वाळण्यापूर्वी नाळेपासून पिछाडीपर्यंत एक ताणलेला दोरा धरून पाहावा. दोन मिलिमीटरचा बाक येथे क्षुल्लक वाटतो. पाण्यात मात्र तीच नौका आयुष्यभर एका बाजूस ओढते.

तळ भरीव असू शकतो. तेथे पातळ प्लायवुडच्या पट्ट्या बसवून आतबाहेर इपॉक्सीचा लेप द्यावा. कडेच्या भिंतीत मात्र बरगड्यांमध्ये खिडक्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. बरगड्या किती जाड असाव्या आणि किती जवळ, यावर नियमांची मर्यादा असते, कारण दाट बरगड्या लावून कोणीही चोरवाटेने चिलखत चढवू शकेल. या खिडक्यांवर बाल्साचे कवच चिकटवितात. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील अतिशय हलके लाकूड आहे. सागाचा एक घनमीटर सुमारे ६५० किलोग्रॅम भरतो, तर बाल्साचा १६० च्या आसपास. विमानांचे नमुने बनविणाऱ्यांच्या दुकानांत त्याचे तक्ते मिळतात. कवचाची नियत जाडी एक इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे ०.८ मिलिमीटर. ‘दिल्ली’च्या दोन्ही बाजूंचे सारे कवच मिळून वीस ग्रॅमही भरत नाही. त्याचे तंतू नौकेच्या लांबीच्या दिशेने ठेवावे आणि पिछाडीच्या वळणावर ते वाफेवर मऊ करून वाकवावे.

खेळाची प्रतिष्ठा या वीस ग्रॅमांवर अवलंबून आहे. कवचावर रंगाचे चार हात अधिक चढविले, किंवा आतून इपॉक्सी पाझरू दिली, की छर्रा आदळून मागे फिरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. ही लबाडी पंचांच्या नजरेतून सुटेलही. पण ती करणाऱ्याच्या हातून खरे काम निसटते. आपण बांधलेल्या नौकेत पाणी कसे शिरते आणि ती कशी कलते, हे त्याला कधीच दिसणार नाही.

हे पाणी अंतर्भागात कसे वागते, याकडे धड बांधतानाच लक्ष द्यावे. सपाट तळावर पसरलेले थोडेसे पाणीही नौका जरा कलताच त्या बाजूला धावते आणि तिला अधिक कलविते. तितक्याच लांबीत हा दुष्परिणाम मोकळ्या पाण्याच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दहा सेंटिमीटर रुंद तळाऐवजी पाण्यास केवळ चार सेंटिमीटर रुंदीची वाट ठेवली, तर तो सुमारे सोळाव्या भागावर येतो. म्हणून तळाच्या दोन्ही कडा बाल्साच्या ठोकळ्यांनी भरून त्यांवर इपॉक्सीचा लेप द्यावा, मधोमध पन्हळ सोडावी आणि पाणी उपसणारा पंप तिच्या सर्वांत खोल जागी बसवावा. घट ठोकळ्यांच्या वर न ठेवता पन्हळीलगत तळाशीच राहावे. अरुंद क्रूझरमध्ये उंचावर ठेवलेला प्रत्येक ग्रॅम महाग पडतो.

मोटर फार जोरकस घेण्याचे कारण नाही. विल्यम फ्राउड याने १८७० नंतरच्या दशकात मेणाच्या धडांवर प्रयोग करून दाखविले, की नमुन्याचा अनुरूप वेग लांबीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी होतो. १४४ चे वर्गमूळ १२. ‘दिल्ली’चा कमाल वेग सुमारे ३२ नॉट, तिच्या नमुन्याचा अडीच-पावणेतीन नॉट, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाचा. त्याहून वेगाने गेल्यास नाळेपुढे अवास्तव लाट उठते आणि वळताना नौका धोकादायक कलते.

पहिली चाचणी नदीवर घेऊ नये. गोमतीचे पाणी गढूळ. बुडालेली नौका त्यात हाती लागणे कठीण. घरच्या मोठ्या टबात नमुना सर्व साहित्यासह तरंगवावा, रेषाचित्रावरील जलरेषा आणि प्रत्यक्ष जलरेषा ताडून पाहाव्या, आणि फरक आढळल्यास शिशाचे तुकडे हलवून तो दूर करावा. मग एका खिडकीचे कवच मुद्दाम काढून आत पाणी येऊ द्यावे. नौका सरळ खाली बसत गेली तर पन्हळ योग्य झाली. एका कुशीवर आडवी झाली तर ठोकळे पुन्हा तासावे लागतील. त्यानंतर कंबरभर खोलीचे, स्वच्छ तळाचे तळे निवडावे, आणि डेकखाली दोरीच्या गुंडाळीला बांधलेला एक लहान तरंगता ठोकळा असा सैल ठेवावा, की नौका बुडताच तो सुटून वर येईल आणि त्या दोरीने तिला बाहेर ओढता येईल.