वारा राबविणारा विल्यम

इ. स. २००१ साली आफ्रिकेतील मलावी देशात मक्याचे पीक बुडाले. पाठोपाठ आलेल्या दुष्काळाने अनेकांचा बळी घेतला. विल्यम कामक्वाम्बा ह्या चौदा वर्षांच्या शेतकरीपुत्राला फी भरता न आल्यामुळे शाळा सोडावी लागली. तो गावच्या प्राथमिक शाळेच्या लहानशा ग्रंथालयात जाऊ लागला. इंग्रजी बेताचेच, तरी आकृत्या पाहून त्याने पवनचक्कीचे मर्म जाणले.

ट्रॅक्टरचा पंखा, मोडकी सायकल, प्लास्टिकच्या नळ्या असे भंगार त्याने जमविले. लोकांनी त्याला वेड्यात काढले. परंतु वाऱ्याने पाती फिरली, साखळीने सायकलचे चाक फिरले, चाकाला टेकलेल्या डायनॅमोतील चुंबक वेटोळ्यात फिरू लागले आणि तारेत वीज उत्पन्न झाली. फॅराडेने १८३१ साली शोधिलेले हे तत्त्व आम्ही फळ्यावर मांडतो. विल्यमने त्यावर घरात दिवा लाविला. पुढे सौरशक्तीचा पंप बसवून त्याने गावाला पाणी दिले, व २०१४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाची पदवी मिळविली.

विद्यार्थिमित्रहो, फी थकली तेव्हा शाळेचे दार त्याला बंद झाले. ग्रंथालयाचे झाले नाही. म्हणूनच आपल्या शाळेतील पुस्तके कुलपात राहू नयेत, असे आम्हांस वाटते.