उन्हाळ्यातील बाग

धानोरा हा गडचिरोली जिल्ह्यातील वनप्रदेशातला तालुका. १९८२ साली हा जिल्हा चंद्रपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला. उन्हाळा मात्र दोघांचा एकच राहिला. मे महिन्यात पारा कित्येकदा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि विहिरी तळ गाठतात.

मुलांनो, त्या भागातील एका शाळेत मी मुख्याध्यापक असतानाची ही गोष्ट. आम्ही सीताफळाची व कडुनिंबाची रोपे लावली होती. मुले रोज दुपारी त्यांच्यावर घागरी रित्या करीत; तरीही रोपे माना टाकीत. घरोघरच्या आया पिण्याच्या पाण्यासाठी दूरवर जात असताना आमचे पाणी असे व्यर्थ जावे, याचे मला फार वाईट वाटे. एके दिवशी मी एका रोपाजवळची माती उकरली. वर दोन बोटे ओल आणि खाली कोरडी ठणठणीत माती! भर उन्हात दिलेले पाणी मुळांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाफ होऊन उडत होते. दुपारची वेळ मीच नेमून दिली होती. तेव्हा चूक माझीच होती.

उपाय कुंपणापलीकडेच होता. साग उन्हाळ्यात पाने गाळतो, कारण पानांवाटे पाणी उडून जाते. तीच पाने जमिनीवर पांघरूण घालतात. पाचोळा बाजूला सारून आम्ही मातीला हात लावला, तर ती शाळेच्या अंगणापेक्षा पुष्कळ गार लागली!

त्या दिवसापासून आम्ही पाचोळा जाळणे सोडले. बुंध्याला न चिकटेल अशा बेताने तो आळ्यात पसरला. रोजच्या शिंपणाऐवजी काही दिवसांच्या अंतराने, सकाळी लवकर, भरपूर पाणी देऊ लागलो. ओल खोल गेली, की मुळेही तिच्या शोधात खोल जातात. काही रोपांजवळ भाजलेल्या मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली, पाण्याने भरली आणि झाकून ठेवली. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी हळूहळू पाझरते. चीनमधील फान शेंग-ची याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ही रीत लिहून ठेवली आहे.

हिरवळीला मात्र आम्ही पाणी दिले नाही. ती पिवळी पडली, तेव्हा मुले हळहळली. परंतु ती हराळी होती. तिची पाने वाळली, तरी जमिनीतील खोड जिवंत असते. मृगाच्या पहिल्या सरींनंतर तिच्या पेरापेरांतून कोंब फुटले आणि अंगण पुन्हा हिरवे झाले.

ज्याला तहान सोसवते त्याला थांबू द्यावे आणि ज्याला सोसवत नाही त्याला आधी पाजावे, हा धडा बागेने आम्हांला दिला. पाणी थोडे असते, तेव्हा तो माणसांनाही लागू पडतो.

शब्दार्थ : पाचोळा – वाळलेली पाने, आळे – झाडाभोवतीचा पाण्यासाठी केलेला खळगा, पेर – खोडाचा सांधा.

स्वाध्याय
१. दुपारी पाणी घालूनही रोपे का सुकत होती?
२. लेखकाने हिरवळीला पाणी का दिले नाही?
३. 'माना टाकणे', 'तळ गाठणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. पाचोळ्याखालची व उघडी माती दुपारी हाताने पाहा. कोणता फरक जाणवला ते लिहा.