धनुर्वाताचे विष काय तोडते?

पायात खिळा गेला, पत्र्याने हात कापला की माणसे लगेच ‘टी.टी. टोचा’ म्हणून दवाखान्यात येतात. ते योग्यच आहे. पण धनुर्वातात शरीरात नेमके काय बिघडते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यासाठी आज एका लहानशा प्रथिनाची ओळख करून घेऊ.

आपल्या पेशी अनेक द्रव्ये तयार करून अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवतात. त्यांना पुटिका म्हणतात. मज्जातंतूच्या टोकाशी असणारी पुटिका मिलिमीटरच्या सुमारे पंचवीस हजाराव्या भागाएवढी असते. तिच्या आवरणात ‘सिनॅप्टोब्रेव्हिन’ नावाची प्रथिने रोवलेली असतात. त्यांची जोडीदार प्रथिने पेशीच्या भिंतीवर असतात. इशारा मिळताच ही प्रथिने दोरीच्या पेडांसारखी एकमेकांना पीळ घालतात, पिशवी भिंतीशी ओढली जाते, दोन्हींची आवरणे एक होतात आणि आतला माल बाहेर पडतो. पुटिकांच्या या वाहतुकीवरील संशोधनाला २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हेच प्रथिन निरनिराळ्या अवयवांत निरनिराळी कामे करते. मज्जातंतूंत ते संदेश पोहोचवणारी रसायने सोडते, तर स्वादुपिंडात इन्शुलिन. स्नायूंत आणि चरबीत मात्र पिशवीतून काही सांडत नाही. पिशवीच्या आवरणातच साखर आत घेणारी ‘दारे’ असतात व ती पेशीच्या भिंतीत बसवली जातात. इन्शुलिनच्या इशाऱ्याने हे घडते, तसेच चालण्याने, श्रमानेही घडते. मधुमेही रुग्णांना रोज चालण्याचा सल्ला देतात, त्याचे हे एक कारण. मूत्रपिंडात अशाच पिशव्या पाण्याची दारे बसवतात, म्हणून पाणी कमी प्यालो तर लघवी दाट होते.

आता धनुर्वाताकडे वळू. या रोगाचे जंतू माती, धूळ आणि शेणात असतात. दोष गंजाचा नसतो. खोल, मळकट जखमेत हवा पोहोचत नाही, तिथे ते वाढतात व विष तयार करतात. हे विष मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथे सिनॅप्टोब्रेव्हिनच कापते. १९९२ साली हे सिद्ध झाले. स्नायूंना ‘आता सैल पडा’ असे सांगणारे रसायन मग पिशवीतच अडकून राहते. दातखीळ बसते, मान ताठते, पाठ धनुष्यासारखी वाकते. मग स्वादुपिंड, मूत्रपिंड कसे वाचतात? विषाला आत शिरायची वाट मुख्यतः मज्जापेशींवरच सापडते, म्हणून.

विष एकदा मज्जापेशीत शिरले की कोणतेही इंजेक्शन त्याला तिथे गाठू शकत नाही. ते उतरेपर्यंत रुग्णाला कित्येक आठवडे सांभाळावे लागते. म्हणूनच लस आधीच घेतलेली असावी.

लक्षात ठेवा:

१. बाळाला दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसी आणि पुढचे बूस्टर डोस वेळेवर द्या. दहाव्या व सोळाव्या वर्षीचा डोस चुकवू नका.

२. गरोदरपणी आईने घेतलेली लस बाळाचेही रक्षण करते. नाळेला काहीही लावू नये.

३. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी डोस घ्यावा. हल्ली टी.टी.ऐवजी टी.डी. देतात, तीत घटसर्पाचेही संरक्षण आहे. जखम मळकट असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा डोस घ्यावा.

४. जखम साबण व स्वच्छ पाण्याने धुवा. माती, शेण, चुना लावू नका.

५. एकदा धनुर्वात होऊन गेला, तरी लस घ्यावीच लागते. त्या रोगाने प्रतिकारशक्ती येत नाही.

नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. पण मातीतले जंतू कधीच नाहीसे होणार नाहीत. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः शेतात राबणाऱ्यांना, शेवटचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आजच विचारा.