आधी झाड, मग अस्वल

चि. ईशा,


तुझ्या बिबट्याच्या चित्राचा फोटो पाहिला. मिशा, ठिपके, डोळे अगदी जीव ओतून रंगवलेस. पण बिबट्या बसलाय कशावर? मागे नुसता हिरवा रंग फासलाय आणि पोटाखाली सावलीचा पत्ता नाही. जनावर कागदावर चिकटवल्यासारखं दिसतं. रागावू नकोस, दुसरं कोणी हे तुला सांगणार नाही.

इव्हान शिश्किनचं ‘पाइनच्या जंगलातली सकाळ’ सवडीने बघ. १८८९ चं तैलचित्र, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. रशियात ते चॉकलेटच्या वेष्टनावरही आलं, त्यामुळे तिथल्या पोरासोरांना पाठ. लोक त्याला सर्रास ‘तीन अस्वलं’ म्हणतात. मोजलीस तर चार भरतील, आई आणि तीन पिल्लं!

आता अस्वलं हाताने झाक. तरी चित्र उभं राहतं. मधोमध वादळाने मोडावं तसं मोडलेलं पाइनचं झाड, फाटलेल्या लाकडाच्या चिरफळ्या, मागे निळसर धुकं. ऊन फक्त शेंड्यांवर पोचलंय, खाली अजून गारवा आहे. मग हात काढ. एक पिल्लू बाकीच्यांपासून वेगळं, मोडक्या खोडावर मागच्या पायांवर उभं राहून धुक्याकडे बघतंय. खोड इतकं खरं आहे म्हणून त्या पिल्लाचं वजन जाणवतं. ते नुसत्या हिरव्या रंगावर उभं असतं तर खेळणं वाटलं असतं.

शिश्किनने जन्मभर झाडंच अभ्यासली. साल, मुळं, शेवाळ यांची त्याची रेखाटनं बघशील तर थक्क होशील. अस्वलं मात्र त्याने आपल्या चित्रकार मित्राकडून, कोन्स्तान्तिन साविट्स्कीकडून रंगवून घेतली. यात मला कमीपणा दिसत नाही, उलट शहाणपण दिसतं. चित्रावर दोघांच्या सह्या होत्या. पुढे ते विकत घेणाऱ्या पावेल त्रेत्याकोव्हने साविट्स्कीची सही पुसून टाकली. चित्रात सगळीकडे शिश्किनचाच हात दिसतो, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. अस्वलं नसती तर ते चित्र चॉकलेटवर गेलं असतं का?

तेव्हा महिनाभर बिबट्याला सुट्टी दे. ऐनाचं एक झाड गाठ. मगरीच्या पाठीसारखी त्याची साल भेगाळलेली असते. सकाळी, भर दुपारी, तिन्हीसांजेला तेच खोड काढ. पेन्सिलीनेच, रंग नकोत. बुंध्याशी पाचोळा कसा साचतो, उतारावर मूळ कुठे उघडं पडतं, ते टिपून ठेव.

आणि हो, तुझा बिबट्या कुणाच्या तरी फोटोवरून घेतलेला आहे, हे बघताक्षणी कळलं. त्यात गैर काही नाही. पण प्रदर्शनाला देण्याआधी त्या फोटोग्राफरला विचार आणि चित्राखाली त्याचं नाव घाल.

तुझा,
अण्णाकाका