डायलिसिसच्या रुग्णाला लोह शिरेतून का देतात?



घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी आलं की आपल्याकडे लगेच खजूर, मनुका, बीट, पालक यांचा मारा सुरू होतो. प्रेमापोटीच! पण रुग्ण डायलिसिसवर असेल तर हेच पदार्थ घातक ठरू शकतात. त्यांत पोटॅशियम भरपूर असतं आणि निकामी किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. रक्तात ते फार वाढलं तर हृदय बंद पडण्याचा धोका असतो. मग या रुग्णांचा रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, आटोक्यात कसा ठेवायचा?

रक्त कमी का होतं?

किडनीचं काम फक्त रक्त गाळण्याचं नाही. ती एरिथ्रोपोएटिन, थोडक्यात ईपीओ, नावाचं संप्रेरकही बनवते. त्याचा निरोप अस्थिमज्जेला पोचला की तांबड्या पेशी तयार होतात. किडनी थकली की हा निरोप पुरेसा जात नाही. ईपीओच्या इंजेक्शनला अमेरिकेत १९८९ साली परवानगी मिळाली आणि रुग्णांना वारंवार रक्त चढवण्याची वेळ कमी झाली. पण निरोप पोचला तरी पेशी घडवायला लोह लागतंच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

लोहाचा हिशेब

निरोगी माणसाच्या शरीरात एकूण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. जेवणातून रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषलं जातं. हिमोडायलिसिस साधारण आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येकी सुमारे ४ तास चालतं. दर वेळी थोडं रक्त फिल्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहतं, थोडं तपासण्यांसाठी जातं. अशा रीतीने वर्षाला १ ते ३ ग्रॅम लोह निघून जातं. जमा थोडी आणि खर्च मोठा!

मग गोळ्या का नकोत? यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक बनवतं. किडनीच्या आजारात आणि अंगात सूज असताना ते वाढतं, आणि आतड्यातून रक्तात जाणारं लोह अडवतं. त्यामुळे गोळी घेतली तरी त्यातलं फारच थोडं कामी येतं. बद्धकोष्ठता मात्र पदरी पडते. म्हणून लोह थेट रक्तात देतात. डायलिसिस चालू असताना ते मशीनच्या नळीतूनच जातं, वेगळी सुई टोचावी लागत नाही.

किती द्यावं?

याचं मोठं उत्तर ब्रिटनमध्येच मिळालं. 'पिव्होटल' या अभ्यासात ५० केंद्रांतले २१४१ रुग्ण होते. तो 'किडनी रिसर्च यूके' या धर्मादाय संस्थेच्या पाठिंब्याने झाला (पैसा औषध कंपनीच्या अनुदानातून आला, हेही सांगायला हवं). एका गटाला मर्यादा सांभाळून दरमहा ४०० मिलिग्रॅम लोह दिलं. दुसऱ्या गटाला साठा खाली गेल्यावरच. २०१९ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार मृत्यू, हार्ट ॲटॅक, पक्षाघात किंवा हृदय कमजोर होऊन दाखल होणं, यांपैकी काहीतरी पहिल्या गटात १०० पैकी सुमारे २९ जणांना झालं, दुसऱ्यात ३२ जणांना. पहिल्या गटाला ईपीओ आणि रक्तही कमी लागलं. जंतुसंसर्ग वाढला नाही.

रक्त चढवणं का टाळायचं?

परक्या रक्तामुळे शरीरात अँटिबॉडीज तयार होऊ शकतात आणि पुढे जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई रुग्णांना सरासरीने आधीच जास्त थांबावं लागतं. तातडीच्या वेळी रक्त द्यावंच लागतं, पण जे टाळता येतं ते टाळलेलं बरं.

धोका नाही का?

आहे. क्वचित तीव्र ॲलर्जी येते. म्हणून इंजेक्शननंतर किमान ३० मिनिटं लक्ष ठेवावं, अशी सूचना युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ साली दिली. अंगात जंतुसंसर्ग जोरात असेल तर लोह सहसा थांबवतात.

आपण काय विचारावं?

१. फेरिटिन (लोहाचा साठा) आणि ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन (वापरायला मिळणारं लोह) किती आहे?
२. लोहाचा शेवटचा डोस कधी दिला?
३. हिमोग्लोबिन किती? इथे उद्दिष्ट साधारण १०० ते १२० असतं. भारतातल्या रिपोर्टमध्ये तेच १० ते १२ लिहितात. आकडा पाहून घाबरू नका! ईपीओ वाढवून तो निरोगी माणसाइतका करण्याचा आग्रहही नको, त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो.

आई-वडील भारतात डायलिसिसवर असतील तर फोनवर "बरं आहे ना?" याच्या जोडीला हे तीन प्रश्नही विचारा. आणि खजुराचा डबा पाठवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना जरूर विचारा.